डॉक्टर पावरी आणि रोलर ओढणारा बाळू

सिरसाळ्यासारख्या गावात आज पोरं पडीक रानात काठ्यांचे स्टंप रोवून क्रिकेट खेळतात. हा खेळ या देशात प्रथम कुणी आपलासा केला, हे मात्र त्यांना फारसे कुणी सांगत नाही. त्या पहिल्या पिढीतले एक मोठे नाव म्हणजे डॉ. मेहेल्लाशा एदलजी पावरी.

पावरींचा जन्म 1866 साली नवसारीला पारशी कुटुंबात झाला. मुंबईत ते वेगवान गोलंदाज म्हणून गाजले. 1886 साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या पारशी संघाने 28 पैकी फक्त 1 सामना जिंकला होता. 1888 च्या दुसऱ्या दौऱ्यात पावरी होते. त्यांनी एकट्याने 170 बळी घेतले आणि संघाने 31 पैकी 8 सामने जिंकले. गुलाम देशातला एकविसाव्या वर्षाचा तरुण मालकाच्या घरी जाऊन त्याच्याच खेळात त्याला बाद करीत होता!

पुढे जानेवारी 1890 मध्ये व्हर्ननचा इंग्रज संघ मुंबईला आला. पावरींनी दुसऱ्या डावात 34 धावांत 7 बळी घेतले आणि पारशांनी सामना 4 गड्यांनी जिंकला. त्या काळी मुंबईच्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोचे घोडे देशी खेळाडूंची खेळपट्टी तुडवीत. त्या अपमानाला हे उत्तर होते.

पावरी केवळ खेळात रमले नाहीत. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, 1895 मध्ये मिडलसेक्स कौंटीकडून एक सामनाही खेळले आणि डॉक्टर झाले. 1901 साली त्यांनी पारशी क्रिकेटवर पुस्तक लिहिले. पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत ते खेळत राहिले. एप्रिल 1946 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पावरींचे कर्तृत्व मोठे आहे, यात शंका नाही. पण चळवळीच्या वाचकाने इथेच थांबून चालणार नाही. ज्या दशकात पावरी लंडनमध्ये डॉक्टरीचे शिक्षण घेत होते, त्याच दशकात पुण्यात त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला एक चर्मकार तरुण पारशांच्या क्लबात 3 रुपये महिन्याने मैदान झाडीत होता. नंतर गोऱ्यांच्या जिमखान्यात त्याला 4 रुपये मिळू लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळे लावायचे आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. बॅट मात्र त्याच्या हाती दिली जात नसे. तो तरुण म्हणजे पालवणकर बाळू.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 100 हून अधिक बळी घेतले. त्याआधी पुण्यात त्यांच्यासाठी चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो इतिहास आपण लपवत नाही. पण म्हणून बाळूंवरचा अन्याय लहान होत नाही.

दोघांच्याही बोटांत जादू होती. मग एक डॉक्टर का झाला आणि दुसरा रोलर का ओढत राहिला? पावरींच्या समाजापाशी इंग्रजी शाळा होती, पैसा होता, विलायतेची वाट होती. बाळूंच्या वाट्याला जात होती. गुणवत्ता आकाशातून पडते असे सांगणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

बाबासाहेबांनी ते उत्तर कृतीने दिले. पावरी वारले त्याच 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने मराठवाड्यातल्या पोरांसाठीही दार उघडले. सिरसाळ्याच्या पोराने जरूर चेंडू टाकावा. पण त्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जाण्याचे स्वप्नही त्याने आणि त्याच्या बहिणीने पाहावे. फी, शिष्यवृत्ती आणि राखीव जागांचा लढा त्यासाठीच आहे. बाळूंना जी शिडी मिळाली नाही, ती आपल्या पोरांच्या पायाखालून कुणी काढून घेणार नाही, एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.