पारनेरचे सेनापती आणि एक इंग्रजी शब्द

(द्वितीय वर्ष, कला)

नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, याचा आपल्या जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. परभाषेतले ज्ञान आपल्या माणसांच्या भाषेत आणण्याची ती परंपरा विसाव्या शतकात याच जिल्ह्यातील एका पुरुषाने पुढे चालवली. त्यांचे नाव पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट. बाँब, मुळशीचा सत्याग्रह आणि हातातला झाडू यांमुळे बापट सर्वांना ठाऊक आहेत. पण ते भाषांतरकारही होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

१२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, परंतु बुद्धी तल्लख. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. १९०४ साली शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तेथे त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. मग पॅरिसला जाऊन त्यांनी बाँबची विद्या मिळवली. तेथील त्यांचे सहाध्यायी हेमचंद्र दास पुढे अलीपूर खटल्यात सापडले. त्याच खटल्यात अरविंद घोष आरोपी होते व १९०९ साली निर्दोष सुटले. बापटांना मात्र काही वर्षे भूमिगत राहावे लागले.

याच अरविंदांचा ‘द लाइफ डिव्हाइन’ हा सुमारे हजार पानांचा ग्रंथ बापटांनी पुढे मराठीत आणला. हे काम किती अवघड असेल, याची कल्पना यावी म्हणून त्यातला एकच शब्द घेऊ : मॅटर.

हा शब्द बापटांना आयुष्यभर भेटला असणार. इंजिनिअरिंगच्या वर्गात मॅटर म्हणजे पदार्थ. सुटकेनंतर ते पुण्यात वृत्तपत्रात काम करू लागले. छापखान्यात मॅटर म्हणजे मजकूर. कोर्टात मॅटर म्हणजे प्रकरण. दवाखान्यात जखमेतला पू, तोही मॅटर. आणि क्रियापद झाले की त्याचा अर्थ महत्त्व असणे. अरविंदांच्या ग्रंथात मात्र हा विश्वाचा मूळ पाया आहे.

मग मराठीत लिहायचे काय? ‘पदार्थ’ म्हटले तर आपल्या वाचकाला स्वयंपाकघर आठवते. ‘द्रव्य’ म्हटले तर पैसा आठवतो. ‘जड’ हा शब्द जवळचा वाटतो. पण जड म्हणजे वजनदार, जड म्हणजे कठीण आणि जड म्हणजे अचेतनही. अरविंदांचे म्हणणे तर असे की, ज्याला आपण अचेतन समजतो, त्याच्याही पोटात चैतन्य दडलेले आहे आणि ते हळूहळू उमलत आहे. म्हणजे ‘जड’ लिहून वाचकाला फक्त ‘निर्जीव’ एवढेच समजले, तर ग्रंथाचा गाभाच निसटला! शब्द बरोबर, पण अर्थ चुकीचा, अशी ही अडचण. कोश येथे पाच अर्थ देऊन बाजूला होतो; त्यांतला एक निवडण्याची जबाबदारी भाषांतरकाराची असते.

बापटांचे जीवनही निवडीचेच होते. मुळशी धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांची बाजू त्यांनी १९२१ पासून घेतली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. तेथेच लोकांनी त्यांना ‘सेनापती’ केले. गावात ते स्वतः रस्ते झाडत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. पंचाहत्तरीच्या वयात ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. इंग्रजी पुस्तक उघडले की पहिल्याच पानावर पाय अडखळतो. आणि ज्ञान इंग्रजीतच राहिले, तर ते आमच्या आईवडिलांपर्यंत कधीच पोहोचणार नाही. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या बापटांनी एवढा थोर ग्रंथ मराठीत आणण्याचे कष्ट घेतले आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनाही तो खुला झाला. मित्रांनो, पदवी मिळाल्यावर आपणही एखादे तरी चांगले पुस्तक आपल्या गावाच्या भाषेत नेऊ या. सेनापतींचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही.