पंगतीतला शेजारी

गेल्या महिन्यात माझ्या नातीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि यवतमाळच्या आमच्या घरात गादी, बादली, इस्त्री, लोणच्याची बरणी अशी यादी तयार होऊ लागली. यादीच्या शेवटी सूनबाईंनी एक ओळ लिहिली होती. खोलीत सोबतीला मुली आपल्यातल्याच बघायच्या. ती ओळ वाचली आणि मला माझे वडील आठवले. वडिलांच्या मागोमाग डॉ. पंजाबराव देशमुख आठवले.

सूनबाईंची काळजी मी खोटी म्हणणार नाही. अठरा वर्षांचं पोर पहिल्यांदा घर सोडतं, तेव्हा आईचा जीव टांगणीला लागतोच. माझ्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेत शिकतो. तिथल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वसतिगृहाचा एकेक मजला एकेका आवडीला वाहिलेला असतो. कुठे संगीत, कुठे पर्यावरण, कुठे समाजसेवा. नव्या गर्दीत पोर एकटं पडू नये, हा त्यामागचा हेतू. पण कुणाला कुणाशेजारी ठेवायचं, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडातही शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि तेव्हा तो फार अवघड होता.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. घर शेतकऱ्याचं. अमरावतीला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० साली थेट विलायत. त्यासाठी वडिलांनी शेती गहाण टाकली. एडिंबरोला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरही झाले. ऑक्सफर्डमध्ये मुलं कॉलेजच्या आवारातच राहतात, एका दालनात बसून जेवतात. शिक्षण वर्गाबाहेरही चालू असतं, हे त्यांनी तिथे पाहिलं असणार.

१९२६ साली ते परतले. तेव्हा अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघून तीनच वर्षं झाली होती. म्हणजे कॉलेज होतं, पण दारव्हा, पुसद, वणीकडच्या कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या किंवा महाराच्या पोराने तिथे शिकायचं तर राहायचं कुठे आणि जेवायचं कुणाकडे? शहरात नातेवाईक नाहीत, खानावळीला पैसे नाहीत, आणि पैसे असले तरी जात विचारल्याशिवाय ताट मिळेल याची खात्री नाही. फी माफ करून ही अडचण सुटणारी नव्हती.

कोल्हापुरात शाहू महाराजांना हाच अनुभव आला होता. १८९६ साली त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढलं, पण कारभार एकाच वर्गाच्या हाती राहिला आणि बाकीची मुलं हळूहळू बाहेर पडली. तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. आपल्या माणसांत पोराला धीर येतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या बोर्डिंगांनी पिढ्या घडवल्या, हे विसरता येत नाही. पुढे १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुलं पुन्हा एका छपराखाली आणली.

पंजाबरावांनी वऱ्हाडात हीच दुसरी वाट धरली. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. त्यांच्या नावाने पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. तिथे कुठल्याही जातीच्या मुलाला जागा होती आणि राहणं-जेवण एकत्र होतं. याच सुमारास, १९२७ साली, त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं, या चळवळीतही ते उभे राहिले. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. देऊळ, विहीर आणि ताट या तिन्ही जागी माणूस माणसाला दूर ठेवत होता. पंजाबरावांनी तिन्ही ठिकाणी हात घातला.

माझे वडील छात्रालयात गेले ते तिसाव्या दशकात. दारव्ह्याहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, मग मोठ्या गाडीने अमरावती. आता बंद पडलेली ती गाडी म्हणजे आपली शकुंतला. पहिल्या संध्याकाळी पंगतीत त्यांच्या शेजारी एक महार मुलगा बसला. वडिलांचा घास घशाखाली उतरेना. ते अर्धपोटी उठले. ही गोष्ट ते आम्हाला म्हातारपणी सांगत, तीही मान खाली घालून. चार-आठ दिवसांत भुकेने लाजेवर मात केली, आणि परीक्षेपर्यंत दोघं एकाच कंदिलाखाली वाचू लागले.

दिवाळीला वडील घरी आले तेव्हा आजीने त्यांचं ताट ओसरीवर मांडलं. स्वयंपाकघरात प्रवेश नाही. पुढच्या वर्षी ते त्या मित्रालाच घेऊन आले आणि दोघं ओसरीवर जेवले. आजीने वरूनच वाढलं, पण पोटभर वाढलं. ती शेवटपर्यंत बदलली नाही. पण माझ्या लहानपणी आमच्या घरी कुणाचंच ताट ओसरीवर मांडलं गेलं नाही.

पंजाबरावांचं काम पुढे फार विस्तारलं. १९३० साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांचं जाळं विदर्भभर पसरलं. घटना समितीत ते होते. १९५२ नंतर दहा वर्षं केंद्रात शेती खातं सांभाळलं. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांनी वकिलीचे पहिले धडे अमरावतीत त्यांच्याच हाताखाली गिरवले. १० एप्रिल १९६५ रोजी पंजाबराव दिल्लीत गेले. बातमी आली त्या रात्री वडील जेवले नाहीत.

आज कॉलेजांची बहुतेक वसतिगृहं दारावर जात विचारून कुणाला परत पाठवत नाहीत. तरीही मुलं राहायला जाण्याआधीच मोबाइलवर आपापले गट पाडतात, आणि आपण आई-बाप त्याला सुरक्षितता म्हणतो. अमेरिकेत निदान आवड विचारतात, आपण आडनाव विचारतो. आपल्या माणसांत धीर येतो, हे खरंच. पण तो धीर चार वर्षं उबवत बसलो तर पोर घरातून निघालंच नाही, असं म्हणावं लागेल.

मी नातीला उपदेश केला नाही. पणजोबांच्या पंगतीची गोष्ट तेवढी सांगितली. तिने यादी घेतली आणि शेवटच्या ओळीवर काट मारली. सूनबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. मग लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या गेल्या. दुसरी कुणासाठी, असं मी विचारलं. खोलीतल्या दुसऱ्या मुलीसाठी, असं उत्तर आलं. ती मुलगी कोण, कुठली, हे अजून आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.