स्व्यातोस्लाव फ्योदोरोव

स्व्यातोस्लाव निकोलायेविच फ्योदोरोव (जन्म : ८ ऑगस्ट १९२७, प्रोस्कुरिव, युक्रेन, मृत्यू : २ जून २०००, मॉस्को) हे सोव्हिएत संघातील आणि नंतरच्या रशियातील ख्यातनाम नेत्रशल्यविशारद होते. मोतीबिंदू काढल्यानंतर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सोव्हिएत संघात प्रथम केली. निकटदृष्टिता दूर करणारी रेडियल केरॅटोटॉमी ही शस्त्रक्रिया त्यांनी पद्धतशीर रूपात विकसित केली व जगभर पोहोचवली. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी निरोगी डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी काय, आणि केल्यास कोणता डोळा त्यासाठी योग्य, हा प्रश्न त्यांच्या कार्यामुळे नेत्रवैद्यकाच्या केंद्रस्थानी आला. आजच्या लेसर शस्त्रक्रियेपूर्वी होणाऱ्या तपासण्यांमागे त्या काळात मिळालेल्या धड्यांचा मोठा वाटा आहे.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

फ्योदोरोव यांचे वडील लाल सेनेत वरिष्ठ अधिकारी होते. स्टालिनच्या राजवटीतील दडपशाहीच्या काळात, १९३८ मध्ये, त्यांना अटक होऊन श्रमछावणीची शिक्षा झाली. फ्योदोरोव यांना वैमानिक व्हायचे होते व त्यासाठी त्यांनी हवाई दलाच्या पूर्वतयारी शाळेत प्रवेशही घेतला होता. मात्र १९४५ मध्ये झालेल्या अपघातात त्यांना एका पायाचा पंजा गमवावा लागला आणि तो मार्ग बंद झाला. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १९५२ मध्ये रोस्तोव येथील वैद्यकीय संस्थेतून त्यांनी पदवी घेतली आणि काही वर्षे ग्रामीण व औद्योगिक भागातील रुग्णालयांत नेत्रवैद्य म्हणून काम केले.

कृत्रिम भिंगाचे प्रत्यारोपण

डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग इंग्लंडमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केला होता. फ्योदोरोव १९५८ पासून चेबोक्सारी येथील नेत्रसंस्थेच्या शाखेत काम करत होते. तेथे १९६० मध्ये त्यांनी एका लहान मुलीच्या डोळ्यात असे भिंग बसवले. ही पद्धत अशास्त्रीय असल्याचा ठपका ठेवून त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ‘इझ्वेस्तिया’ या दैनिकाने त्यांची बाजू मांडल्यानंतर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. पुढे १९६१ ते १९६७ या काळात ते अर्खांगेल्स्क येथील वैद्यकीय संस्थेत नेत्रविभागाचे प्रमुख होते. १९६७ मध्ये ते मॉस्कोला आले.

कृत्रिम भिंग किती शक्तीचे असावे हे ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता ही दोन मापे लागतात. या मापांवरून भिंगाची शक्ती काढण्याचे एक सैद्धान्तिक सूत्र फ्योदोरोव यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. अशा प्रकारच्या आरंभीच्या सूत्रांत त्याची गणना होते. प्रत्येक डोळ्याचे माप घेऊनच शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा, हा विचार त्यांच्या पुढील कार्यातही दिसतो.

रेडियल केरॅटोटॉमी

निकटदृष्टितेत डोळ्यात शिरणारे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. पारपटलाचा मध्यभाग थोडा सपाट केल्यास किरण मागे सरकून दृष्टिपटलावर एकत्र येतात आणि दूरचे स्पष्ट दिसू लागते. या तत्त्वावर जपानमधील त्सुतोमू सातो (१९०२–१९६०) यांनी फ्योदोरोव यांच्या आधी शस्त्रक्रिया केल्या होत्या. सातो यांनी पारपटलाच्या आतल्या बाजूनेही छेद घेतले. आतल्या पृष्ठभागावर पेशींचा एकेरी थर असतो. तो पारपटलातील जादा पाणी सतत बाहेर काढून त्याला पारदर्शक ठेवतो. मानवी शरीरात या पेशी नष्ट झाल्यावर पुन्हा तयार होत नाहीत, ही बाब तेव्हा पुरेशी ज्ञात नव्हती. परिणामी सुरुवातीला चांगले दिसू लागलेल्या अनेक रुग्णांचे पारपटल कित्येक वर्षांनंतर सुजून धूसर झाले.

फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात केवळ बाहेरच्या बाजूने छेद घेण्याची पद्धत स्वीकारली. सोव्हिएत संघातच येनालेयेव यांनी त्याआधी असे छेद घेतले होते. चष्म्याची काच फुटून जखमी झालेल्या एका मुलाची दृष्टी जखम भरल्यावर सुधारली आणि त्यावरून फ्योदोरोव यांना ही कल्पना सुचली, अशी हकिकत सर्वत्र सांगितली जाते. या शस्त्रक्रियेत पारपटलाचा मध्यभाग अस्पर्शित ठेवून त्याच्या भोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे खोल छेद घेतले जात. त्यामुळे कडेचा भाग दुबळा होई, डोळ्यातील दाबाने तो किंचित बाहेर येई आणि मध्यभाग सपाट होई. छेदांची संख्या, त्यांची खोली आणि मध्यभागी सोडलेल्या वर्तुळाचा व्यास यांवर परिणाम अवलंबून असे. फ्योदोरोव आणि त्यांचे सहकारी दुर्नेव यांनी रुग्णाचा नंबर व त्याच्या पारपटलाची मापे यांवरून या गोष्टी ठरवण्याची गणिते मांडली. आरंभी १६ छेद घेतले जात. पुढे त्यांची संख्या ८ किंवा त्याहून कमी करण्यात आली.

अमेरिकेतील मूल्यमापन

१९७८ मध्ये लिओ बोरेस यांनी ही शस्त्रक्रिया अमेरिकेत नेली. तिचा प्रसार वेगाने होऊ लागला. निरोगी डोळ्यावर अशी शस्त्रक्रिया करावी काय, याबद्दल तेथील नेत्रवैद्यांत तीव्र मतभेद झाले. त्यामुळे शासकीय साहाय्याने ९ केंद्रांवर ‘पर्क’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात ४३५ रुग्णांचा समावेश होता. निकटदृष्टिता उणे २ ते उणे ८ डायॉप्टर यांदरम्यान असणे आणि वय किमान २१ वर्षे असणे अशा अटी ठेवण्यात आल्या. सर्वांवर ८ छेदांची ठरावीक पद्धत वापरण्यात आली.

दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवाय ६/६ किंवा त्याहून चांगली दृष्टी ५३ टक्के डोळ्यांत होती. ६/१२ किंवा त्याहून चांगली दृष्टी ८५ टक्के डोळ्यांत आढळली. मात्र ४३ टक्के डोळ्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या महिन्यापासून दहाव्या वर्षापर्यंत १ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक सरक दूरदृष्टितेच्या दिशेने झाली होती. छेद भरून आले तरी पारपटल पूर्वीइतके मजबूत होत नाही आणि मध्यभाग वर्षानुवर्षे सपाट होत राहू शकतो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. तरुणपणी उत्तम वाटलेला परिणाम चाळिशीनंतर, जवळचे दिसण्याची क्षमता आपोआप कमी होऊ लागल्यावर, अडचणीचा ठरू शकतो, हेही त्यातून लक्षात आले.

अशा डोळ्यांवर उंचीचाही परिणाम होतो. प्राणवायू कमी असलेल्या ठिकाणी छेदांजवळचा भाग सुजून मध्यभाग आणखी सपाट होतो. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर चढणारे अमेरिकी गिर्यारोहक बेक वेदर्स यांची ही शस्त्रक्रिया पूर्वी झालेली होती. अतिउंचीवर त्यांची दृष्टी अतिशय मंदावली आणि त्यांना वाटेतच थांबावे लागले. त्यानंतरच्या वादळातून ते बचावले, परंतु त्यांना गंभीर हिमदंश झाला.

संस्था, राजकारण आणि मृत्यू

फ्योदोरोव यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये मॉस्को येथे ‘नेत्र सूक्ष्मशल्य’ हे वैज्ञानिक व तांत्रिक संकुल स्थापन झाले आणि देशभर त्याच्या शाखा उघडण्यात आल्या. येथे रुग्ण फिरत्या मेजांवर झोपलेले असत आणि प्रत्येक शल्यविशारद शस्त्रक्रियेचा एकच टप्पा पार पाडत असे. कारखान्यातील जुळणीच्या साखळीसारखी ही रचना जगभर चर्चेचा विषय झाली. तिच्यामुळे फार मोठ्या संख्येने रुग्णांवर उपचार करता आले. याउलट, प्रत्येक रुग्णाच्या स्वतंत्र विचाराला अशा रचनेत कितपत वाव राहतो, अशी टीकाही झाली. एका जहाजावर तरंगते नेत्रालयही चालवले गेले. संकुलाला आर्थिक स्वायत्तता होती आणि मिळकतीचा वाटा कर्मचाऱ्यांना मिळत असे.

१९८७ मध्ये फ्योदोरोव यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा सन्मान मिळाला. १९८९ मध्ये ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले. पुढे कामगारांच्या स्वव्यवस्थापनाचा पुरस्कार करणारा पक्ष त्यांनी स्थापन केला. १९९६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना १ टक्क्यापेक्षा कमी मते मिळाली. २ जून २००० रोजी तांबोवहून मॉस्कोकडे येताना त्यांचे हेलिकॉप्टर मॉस्कोच्या सीमेवर कोसळले आणि त्यातील चौघांचा मृत्यू झाला. वैमानिक होण्याचे तरुणपणीचे स्वप्न त्यांनी उतारवयात स्वतः हेलिकॉप्टर चालवून पूर्ण केले होते.

लेसर शस्त्रक्रिया आणि योग्यतेचे निकष

रेडियल केरॅटोटॉमीची जागा पुढे एक्सायमर लेसरने घेतली. मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत या लेसरने ऊतक न भाजता अचूक कोरता येते हे दाखवले. १९८३ मध्ये स्टीफन ट्रॉकेल यांच्यासह त्यांनी पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून पुढे पीआरके आणि लॅसिक या पद्धती विकसित झाल्या. यांत पारपटल चिरून दुबळे करण्याऐवजी मध्यभागाचा अत्यंत पातळ थर काढला जातो. तरीही ऊतक काढल्याने पारपटल पातळ होतेच. त्यामुळे कोणाचा डोळा हे सहन करू शकेल, हा प्रश्न कायम राहिला.

आज शस्त्रक्रियेपूर्वी पुढील बाबी तपासल्या जातात. रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि नंबर साधारण वर्षभर स्थिर असावा. पारपटल पुरेसे जाड असावे. लॅसिकनंतर पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन जाडी शिल्लक राहावी, हा रूढ दंडक आहे. पारपटलाचा नकाशा काढून ते शंकूसारखे पुढे येत नाही ना, हे पाहिले जाते. केरॅटोकोनस या विकाराची केवळ शंका असली तरी लॅसिक टाळली जाते, कारण शस्त्रक्रियेने विकार बळावू शकतो. डोळ्यांचा कोरडेपणा, दृष्टिपटलातील दोष, अनियंत्रित मधुमेह, काही स्वप्रतिकार विकार, गर्भारपण व स्तनपान यांचाही विचार होतो. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून तपासणीच्या काही दिवस किंवा आठवडे आधीपासून त्या वापरणे थांबवावे लागते. चाळिशीनंतर वाचनासाठी लागणारा चष्मा या शस्त्रक्रियेने टळत नाही, हेही रुग्णाला आधी समजावून सांगणे आवश्यक असते.

भारतीय हवाई दलाने जाहीर केलेल्या वैद्यकीय निकषांत या दोन पिढ्यांच्या शस्त्रक्रियांतील फरक स्पष्ट दिसतो. रेडियल केरॅटोटॉमी झालेले उमेदवार हवाई दलातील कोणत्याही कामासाठी ग्राह्य धरले जात नाहीत. पीआरके किंवा लॅसिक झालेल्यांना काही शाखांसाठी अटींवर परवानगी असते. शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांपूर्वी झालेली नसावी, तिला किमान १२ महिने उलटलेले असावेत आणि पारपटलाची मध्यवर्ती जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, या त्यांतील काही अटी होत.

मूल्यमापन

फ्योदोरोव यांच्या दोन प्रमुख कार्यांचा संबंध रुग्णाच्या उतारवयात पुन्हा येतो. रेडियल केरॅटोटॉमी झालेल्या व्यक्तीला पुढे मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाची शक्ती नेहमीच्या सूत्राने अचूक काढता येत नाही. पारपटलाची वक्रता नेहमीच्या यंत्राने चुकीची मोजली जाते आणि रुग्ण दूरदृष्टितेकडे झुकतो. लॅसिक झालेल्या डोळ्यांनाही हे लागू पडते. त्यासाठी आता वेगळी सूत्रे वापरली जातात. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर आणि पारपटलाची मापे असलेली कागदपत्रे अनेक दशकांनंतरही उपयोगी पडतात. त्यामुळे ती जपून ठेवण्याचा सल्ला रुग्णांना दिला जातो.

चष्म्यापासून मुक्तीची शक्यता सामान्य माणसापर्यंत नेण्याचे श्रेय फ्योदोरोव यांना दिले जाते. त्याचबरोबर, शस्त्रक्रियेचे यश पहिल्या महिन्यावरून न ठरवता पुढील दशकांवरून ठरवावे लागते, ही जाणीव त्यांच्याच पद्धतीच्या दीर्घकालीन अभ्यासातून नेत्रवैद्यकात रुजली. तपासणीअंती काही इच्छुकांना शस्त्रक्रिया नाकारली जाते, त्यामागेही हीच जाणीव आहे. मॉस्कोतील त्यांचे संकुल आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.