शाळा घरी नेणाऱ्या कुलसुमबेन

शाळा सोडलेले मूल पुन्हा येत नाही, असे आम्ही शिक्षक सहज बोलून जातो. हजेरीपटावरून नाव कमी होते आणि विषय तिथेच मिटतो. अशा वेळी मला श्रीमती कुलसुम सयानी आठवतात.

कुलसुमबेनचा जन्म २१ ऑक्टोबर १९०० रोजी गुजरातेत झाला. १९१७ साली वडिलांसोबत त्या गांधीजींना भेटल्या आणि पुढील आयुष्याची दिशा ठरली. विवाहानंतर मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली.

१९३८-३९ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम उभी राहिली. परळ-लालबागचा गिरणी कामगार पाळी सुटल्यावर वर्गात येऊन बसू शके. पडद्यातील मुस्लिम भगिनींचे काय? त्यांना वर्गाचा जिना चढणेच अशक्य. कुलसुमबेननी शंभर रुपयांच्या बळावर दोन शिक्षिका नेमल्या आणि घरोघरी जाऊन शिकविण्यास आरंभ केला. दारोदार फिरून विनवावे लागले, नकार ऐकावे लागले. शिकण्याची इच्छा नव्हती म्हणून नव्हे. स्वयंपाक, मुले आणि घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी यांतून वेळ काढायचा कसा, हा खरा प्रश्न होता. तेव्हा वेळही बायकांचीच धरावी लागे. शाळेच्या घंटेवर चालणाऱ्या आमच्यासारख्यांना हे चटकन सुचत नाही!

खरी अडचण पुढेच होती. वर्ग संपला की हाती वाचायला काही नाही. लहान मुलांची पुस्तके मोठ्या बाईला रुचत नाहीत आणि वर्तमानपत्र झेपत नाही. मग शिकलेली अक्षरे पुसट होत जातात. सातवीतून घरी बसलेल्या मुलींच्या बाबतीत हे मी स्वतः पाहिले आहे.

कुलसुमबेननी यावर १९४० मध्ये 'रहबर' हे पाक्षिक काढले. रहबर म्हणजे वाटाड्या. भाषा साधी हिंदुस्तानी, लिप्या मात्र तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. शेजारणींची लिपी वेगळी असली तरी मजकूर एकच. भाषेवरून मने दुरावत असताना हे साहस लहान नव्हते. गांधीजींनी त्याला आशीर्वाद दिला. पुढे रेडिओवर गाजलेले अमीन सयानी हे त्यांचे चिरंजीव. लहान वयातच ते आईला या कामात हातभार लावीत.

१९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९६९ मध्ये नेहरू साक्षरता पुरस्कार. १९८७ साली त्यांचे निधन झाले. 'रहबर' मात्र १९६० मध्येच थांबले होते. वीस वर्षे ते त्यांनी चालविले.