गव्हर्नरने लिहिलेल्या पुस्तकाला उत्तर द्यायला सर सय्यद थेट लंडनला गेले होते

आज एखाद्या पुस्तकावरून वाद पेटला की पहिली मागणी होते बंदीची. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने मात्र न पटलेलं पुस्तक नीट वाचलं आणि त्याचं उत्तर शोधायला समुद्र ओलांडला. ते होते सर सय्यद अहमद खान, अलिगढ मुस्लीम विद्यापीठाचा पाया घालणारे.

१७ ऑक्टोबर १८१७ ला दिल्लीत त्यांचा जन्म झाला. घराण्याची मुघल दरबारात ऊठबस. १८३८ मध्ये ते कंपनी सरकारच्या नोकरीत शिरले आणि पुढे न्यायाधीश झाले. १८५७ च्या उठावात त्यांनी बिजनौरमध्ये इंग्रजांचे जीव वाचवले. पण नंतर उठावाला सरकारच्याच चुका कशा कारणीभूत होत्या, हेही लिहून काढलं.

याच सुमारास, १८५८ ते १८६१ मध्ये, विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने मोहम्मद पैगंबरांचं चार खंडांत चरित्र लिहिलं. म्यूर अरबी जाणत होते. त्यांनी जुन्या अरबी ग्रंथांचाच आधार घेतला होता. त्यामुळे परक्याला काय कळतंय, असं म्हणून पुस्तक झटकता येत नव्हतं. पण त्यातलं पैगंबरांचं चित्रण सर सय्यद यांच्या जिव्हारी लागलं. इंग्रजी शिकणारी मुस्लीम मुलं उद्या हेच वाचणार, ही त्यांची खरी काळजी होती.

त्यात १८६८ मध्ये म्यूर वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. सर सय्यद त्याच प्रांतात, बनारसला न्यायाधीश. म्हणजे चुका काढायच्या त्या थेट प्रांताच्या प्रमुखाच्या!

१८६९ मध्ये मुलगा सय्यद महमूद शिक्षणासाठी इंग्लंडला निघाला, तेव्हा ५१ वर्षांचे सर सय्यदही मुंबईहून जहाजात बसले. लंडनच्या ग्रंथालयांत त्यांनी संदर्भ शोधले. इंग्रजी जेमतेम, त्यामुळे लिहायचं उर्दूत आणि भाषांतर करून घ्यायचं. पैसे संपत आले, तेव्हा घरची पुस्तकं आणि भांडी विकून पैसे पाठवा, असं त्यांनी मित्राला कळवलं. १८७० मध्ये पैगंबरांच्या चरित्रावरचे त्यांचे निबंध लंडनमध्ये इंग्रजीत छापून आले.

त्यांचं म्हणणं काय होतं? म्यूर यांची भिस्त अल-वाकिदीसारख्या इतिहासकारांवर होती. वाकिदीचा मृत्यू ८२३ चा, म्हणजे पैगंबरांनंतर जवळपास १९० वर्षांनी. मुस्लीम विद्वानही त्याला फारसा विश्वासार्ह मानत नव्हते. शिवाय पैगंबरांना कमीपणा आणणारी कथा कुणी मुसलमान मुद्दाम रचणार नाही, म्हणून ती खरी मानावी, असा म्यूर यांचा नियम होता. सर सय्यद यांचं उत्तर सोपं होतं. कथा आवडो वा न आवडो, चाळणी एकच हवी.

गिबन, कार्लाइल यांच्यासारख्या लेखकांनी जिथे न्याय दिला, तिथे त्यांनी मोकळेपणाने दादही दिली.

पण हीच चाळणी त्यांनी आपल्या परंपरेलाही लावली. अनेक हदीस तपासल्याशिवाय स्वीकारू नयेत, असं ते सांगू लागले. मग उलेमांनी त्यांच्याविरुद्ध फतवे काढले. इंग्रजाला उत्तर देणारा माणूस घरच्यांसाठीच काफिर ठरला.

ते थांबले नाहीत. १८७५ मध्ये अलिगढला शाळा सुरू झाली, तिचं कॉलेज झालं आणि १९२० मध्ये विद्यापीठ. ते पाहायला सर सय्यद नव्हते. २७ मार्च १८९८ ला त्यांचं निधन झालं. विद्यापीठाच्या आवारातल्या मशिदीतच त्यांची कबर आहे.