स्ट्रॉबेरीचे चोर कापडावर आणणारे विल्यम मॉरिस

पिकलेलं फळ पाखरं पळवायला लागली की शेतकरी काय करतो? गोफण काढतो, डबा वाजवतो, जाळी लावतो. इंग्लंडमध्ये केल्म्सकॉट गावच्या विल्यम मॉरिस यांच्या बागेतही जाळी होती. तरी थ्रश पक्षी, म्हणजे आपल्या कस्तुराचे भाऊबंद, खालून शिरून स्ट्रॉबेरी घेऊन पसार व्हायचे. मॉरिस यांनी या चोरांचं चित्रच काढलं आणि १८८३ साली ते कापडावर उतरवलं. त्या नक्षीचं नावही ठेवलं ‘स्ट्रॉबेरी थीफ’, म्हणजे स्ट्रॉबेरी चोर. ती नक्षी आजही बाजारात विकली जाते.

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोचा. घरची परिस्थिती चांगली होती. लहानपणी तट्टावर बसून एपिंगच्या जंगलात हिंडायचं, झाडं-पाखरं बघायची, हा त्यांचा छंद. ऑक्सफर्डला शिकायला गेले ते धर्मगुरू व्हायचं म्हणून, पण मन रमलं कलेत. १८५९ साली त्यांनी तबेल्यात काम करणाऱ्याच्या मुलीशी, जेन बर्डनशी लग्न केलं. १८६१ मध्ये मित्रांसोबत घरसजावटीची कंपनी काढली.

तो काळ कारखान्यांचा होता. डांबरापासून बनवलेले नवे रासायनिक रंग बाजारात आले होते. स्वस्त आणि भडक, पण उन्हात बरेचसे विटायचे. मॉरिस यांना ते पटेना. १८७५ पासून ते लीक गावातले रंगारी थॉमस वॉर्डल यांच्याकडे जाऊ लागले. हे वॉर्डल आपल्याकडच्या टसर रेशमावर रंगाचे प्रयोग करणारे. मालक असूनही मॉरिस स्वतः हौदात हात घालायचे. हात कोपरापर्यंत निळे व्हायचे. जुनी पुस्तकं चाळून त्यांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून लाल, रानझुडपापासून पिवळा आणि अक्रोडापासून तपकिरी रंग मिळवला.

सगळ्यात अवघड होती नीळ. निळीच्या हौदातून कापड बाहेर काढलं की आधी हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं. १८८१ मध्ये वँडल नदीकाठी मर्टन ॲबी इथे त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. तिथे आधी सगळं कापड निळं करायचं, मग लाकडी ठशांनी रंग उडवणारं द्रव्य लावून नक्षीपुरती नीळ काढायची, आणि त्या जागी लाल-पिवळा भरायचा. कापड मधे मधे धुवायचं, वाळवायचं. एवढी मेहनत म्हटल्यावर ‘स्ट्रॉबेरी चोर’ त्यांच्या सगळ्यात महाग कापडांपैकी एक ठरलं.

इथेच त्यांच्या आयुष्यातली मोठी अडचण उभी राहिली. सुंदर वस्तू सामान्य माणसाच्या घरात असावी आणि कारागिराला कामात आनंद मिळावा, असं त्यांचं मत. पण हाताचं काम महाग पडायचं आणि गिऱ्हाईक मिळायचं ते श्रीमंतच. ही गोष्ट त्यांना आतून खात राहिली. १८८३ सालीच ते समाजवादी चळवळीत उतरले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून भाषणं केली, कामगारांसाठी पत्र चालवलं, पदरचे पैसे घातले. धंदा मात्र बंद केला नाही. हे कोडं त्यांना शेवटपर्यंत पुरतं सुटलं नाही.

नक्षीचं काम चालूच होतं. वँडल, केनेट, एव्हनलोड अशी नद्यांची नावं त्यांनी कापडांना दिली. दारच्या विलोच्या फांदीवरून १८८७ मध्ये भिंतीच्या कागदाची नक्षी काढली. धाकटी मुलगी मे हिने भरतकामाचा विभाग सांभाळला.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी मॉरिस गेले. त्यांची शवपेटी केल्म्सकॉटला नेली ती शेतातल्या साध्या गाडीतून. गाडी सजवली होती वेलींनी आणि विलोच्या फांद्यांनी. जन्मभर ज्या पानांची नक्षी केली, शेवटच्या प्रवासात तीच त्यांच्या सोबत होती.