हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

पोलिओच्या डोसमुळे हाफकिन हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. मुंबईत परळला त्या नावाची मोठी सरकारी संस्था आहे, हेही अनेकांना ठाऊक असतं. पण हा माणूस कोण, तो हिंदुस्थानात कशासाठी आला आणि त्याच्या कामात मुंबईच्या मुस्लिम समाजाचा किती मोठा हात होता, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. आम्ही आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात मुलांना शिकवतो. लसीबद्दलच्या अफवा, लसीसाठीच्या रांगा आणि डोस संपले म्हणून परत जाणारी म्हातारी माणसं, हे सगळं आम्ही जवळून पाहिलं आहे. म्हणून ही सव्वाशे वर्षांपूर्वीची कहाणी आज पुन्हा सांगावीशी वाटते.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथं एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं. ज्यूंच्या वस्त्यांवर तिथं दंगलखोरांचे हल्ले व्हायचे. तरुण हाफकिन आपल्या मोहल्ल्याच्या बचावासाठी उभे राहिले आणि त्यात पकडलेही गेले. त्यांचे उस्ताद, नामवंत शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं.

हाफकिन हुशार होते, प्राणिशास्त्रात त्यांचं काम चांगलं होतं. पण धर्म बदलल्याशिवाय वरची जागा मिळणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या संस्थेत. तिथं त्यांच्यासाठी संशोधकाची जागा नव्हती, ग्रंथालयातली होती. त्यांनी तीच घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केलं.

त्या काळात पटकी, म्हणजे कॉलरा, गावंच्या गावं रिकामी करायचा. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली. जनावरांवर ती चालली. माणसावर चालेल का, हे कुणाला तरी बघावं लागणार होतं. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, मग उतरलं. त्यानंतर त्यांच्या मित्रांनीही टोचून घेतली.

कलकत्त्याच्या वस्त्यांत

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. सरकारी डॉक्टरांना हा माणूस फारसा पसंत नव्हता. एक तर तो वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टर नव्हता, त्यात रशियन आणि ज्यू. लोकांच्याही मनात शंका होती, परक्याची सुई आहे, आत काय असेल कोण जाणे. हाफकिन यांनी कुणावर जबरदस्ती केली नाही. देशी डॉक्टरांना सोबत घेतलं, वस्त्यांत गेले, समजावलं, जो तयार झाला त्यालाच टोचलं. कलकत्त्याच्या झोपड्यांपासून उत्तर हिंदुस्थान आणि आसामच्या चहामळ्यांपर्यंत ते फिरले. दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस दिली. या फिरतीत हिवतापानं त्यांना इतकं पोखरलं की परत युरोपला जावं लागलं. तब्येत सावरल्यावर १८९६ मध्ये ते पुन्हा इथं आले.

मुंबईचा प्लेग

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. सरकारनं हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ते पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन मदतनीस मिळाले. एवढ्या सामानावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस उभी केली.

ही लस कशी बनायची, हे आपल्या वाचकांनी जरूर वाचावं. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे आणि मग उष्णता देऊन मारायचे, अशी ती रीत. गोमांसाचा रस्सा घेतला तर हिंदू नाही म्हणतील, डुकराचा घेतला तर मुसलमान. हाफकिन यांनी बकऱ्याचं मटण घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब टाकले, त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबकळत वाढायचे. म्हणजे लोकांच्या धर्माचा आणि खाण्यापिण्याचा विचार त्यांनी लस बनवतानाच केला होता. करोनाच्या वेळी लसीत हराम वस्तू आहे अशी अफवा मोबाईलवर फिरली, तेव्हा आम्हाला ही गोष्ट फार आठवली. लोकांचा प्रश्न हसून उडवायचा नसतो, त्याचं सरळ उत्तर द्यायचं असतं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लसही आधी स्वतःला टोचली. मात्रा नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी झालेल्या कैद्यांना लस दिली. न घेतलेल्यांच्या मानानं त्यांच्यात आजार आणि मृत्यू कमी झाले. कैद्यानं दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा सवाल आज विचारायलाच हवा. लसही परिपूर्ण नव्हती. ताप यायचा, दंड दुखायचा आणि घेतल्यावरही काहींना प्लेग व्हायचा. पण जीव वाचण्याची शक्यता नक्की वाढायची.

सक्ती आणि भरोसा

याच मुंबईत त्या दोन वर्षांत सरकार दोन रस्त्यांनी चाललं होतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, रोग्याला उचलून नेणं, सामान जाळणं सुरू झालं. बायकांची तपासणी परके पुरुष करू लागले. पुण्यात त्यातून संताप किती पेटला, हे रँडच्या खुनावरून सगळ्यांना माहीत आहे. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला.

मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात, जुलाहा विणकरांच्या वस्तीत, प्लेगवाले एका आजारी मुलीला तपासायला आले. घरच्यांनी आणि मोहल्ल्यानं अडवलं. त्यातून दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे इतिहासात नोंद राहिली ती अडाणी, हट्टी जुलाह्यांची. पडद्यातल्या मुलीला तपासायला एखादी बाई डॉक्टर पाठवता आली असती, हा साधा मुद्दा त्या नोंदीत हरवला.

याउलट माझगावात काय घडलं ते पाहा. खोजा इस्माईली जमातीचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांना बोलावलं, सगळ्यांच्या समोर स्वतः लस टोचून घेतली आणि जमातीला तसंच करायला सांगितलं. हजारो खोजा बायका-पुरुषांनी लस घेतली. पुढे त्यांनी आपली खुश्रू लॉज ही मोठी हवेली हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी मोकळी करून दिली. परदेशी ज्यू शास्त्रज्ञाची प्लेगची लस काही काळ एका मुस्लिम इमामाच्या घरात तयार होत होती.

शहर एकच, साथ एकच, वर्षंही जवळजवळ तीच. मदनपुऱ्यात लोक बिथरले आणि माझगावात लोकांनी बाही वर केली. फरक लोकांच्या अकलेत नव्हता. एका ठिकाणी दारावर शिपाई आला होता, दुसऱ्या ठिकाणी आपल्याच माणसानं आधी स्वतःचा दंड पुढे केला होता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. तिथून लस देशभर आणि देशाबाहेरही जाऊ लागली.

एका बाटलीचा आळ

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. चौकशी बसली. बाटली परळलाच बिघडली असा ठपका आला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं, पगार थांबला. ज्यांनी आयुष्य लसीला दिलं, त्यांच्या नावावर १९ मौती लिहिल्या गेल्या.

खरं काय होतं? बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. ज्या दिवशी बाटली उघडली त्या दिवशी मलकोवालला मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्यानं बूच काढलं गेलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आम्ही नववी-दहावीच्या मुलांनाही सांगतो. पण हा मुद्दा ऐकून घ्यायला सरकारला पाच वर्षं लागली. हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. कलकत्त्यात नेमणूक झाली आणि मोठं काम हाती दिलं गेलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन निघून गेले. लग्न केलं नव्हतं. उतारवयात ते आपल्या धर्माच्या आचरणाकडे अधिक वळले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचा इंतकाल झाला. आयुष्याची कमाई त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांसाठी ठेवली, आणि तिथं धर्मासोबत विज्ञान किंवा एखादा हुन्नरही शिकवला जावा अशी इच्छा ठेवली. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं होतं. मिळालेला न्याय म्हणायचा तर तो एवढाच.

आज परळकडे पाहताना

हाफकिन संस्थेनं पुढे या देशाला भरपूर दिलं. प्लेगची लस दिली, सापाच्या विषावरचं औषध दिलं, पोलिओचे थेंब दिले. आपल्या वऱ्हाडात कापसाच्या रानात काम करणाऱ्या माणसाला सापाच्या औषधाची किंमत वेगळी सांगायला नको. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला, त्यात या परळच्या थेंबांचाही वाटा होता.

पण सरकारी लस कारखान्यांकडे आपण हळूहळू पाठ फिरवली. २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या तीन जुन्या सरकारी लस संस्थांचे परवाने थांबवले गेले, ते २०१० मध्ये परत मिळाले. मधल्या काळात खाजगी कंपन्यांवर भिस्त वाढली. करोना आला तेव्हा त्याची किंमत कळली. २०२१ मध्ये परळला कोव्हॅक्सिन बनवायला मंजुरी मिळाली, वर्षाला २२.८ कोटी डोसची क्षमता जाहीर झाली. दुसऱ्या लाटेत मात्र तिथली एकही कुपी लोकांपर्यंत आली नाही. त्याच मे महिन्यात लस नाही म्हणून महाराष्ट्राला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं. ज्याच्या हातात चांगला मोबाईल त्याला नंबर मिळायचा. शहरातले लोक गाडीनं खेड्याच्या केंद्रावर येऊन टोचून जायचे, आणि त्या खेड्यातला मजूर सकाळपासून उन्हात बसून परत जायचा.

लस नसण्याचा हा राग खरा होता. पण अशा वेळी राग कुठे वळवला जातो, हे आपल्या समाजानं चांगलंच अनुभवलं आहे. २०२० मध्ये साथीचा आळ तबलीगी जमातीवर आला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, लहान मुलं दगावली. लगेच बोललं गेलं की हे लोक लसच घेत नाहीत. काही घरांत भीती होती, हे आम्ही नाकारत नाही. पण करोनाच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, दाट वस्त्यांत आरोग्य सेविका कमी पडत होत्या, कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबांची नोंदच नव्हती. हे कोण सांगणार?

यंत्रणेची चूक झाली की तीही लपवायची नसते. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीत, बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. अल्लाहच्या कृपेनं मुलं वाचली. अशा वेळी लोकांना पूर्ण खरं सांगितलं तरच पुढच्या रविवारी आई मुलाला घेऊन पुन्हा बूथवर येते.

म्हणून आमचं म्हणणं दोन बाजूंना आहे. सरकारला सांगायचं ते असं, की लस सरकारी कारखान्यात बनू द्या, उपकेंद्रावर नर्स नेमा, मोहल्ल्यात येताना बाई कर्मचारी पाठवा आणि लोकांचे प्रश्न ऐका. आणि आपल्या घरांना सांगायचं ते असं, की आपल्या मुलाचं लसीकरण कार्ड आज कपाटातून काढून बघा. नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा. केंद्रावर लस नसेल तर गप्प परत येऊ नका. तारीख लिहून घ्या, चार पालक मिळून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. मशिदीच्या इमाम साहेबांना जुम्याच्या दिवशी लसीची आठवण करून द्यायला सांगा. सव्वाशे वर्षांपूर्वी माझगावात एका इमामानं स्वतः बाही वर केली होती, तेवढं त्यांच्या कानावर घातलं तरी पुरे.